बेटांवरून जाणाऱ्या वादळाचा माग

घाटमाथ्याच्या पूर्वेस राहणाऱ्या माणसास समुद्रावरील वादळ म्हणजे दूरच्या नातेवाइकाच्या घरचें दुखणें वाटतें. बातमी ऐकून तो हळहळतो. परंतु स्वतःच्या घराचे पत्रे नीट बसविले आहेत कीं नाहींत, हें पाहावयास तो उठत नाहीं. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्यांतील बहुतेकांची समजूत ३ जून २०२० ह्या दिवसापर्यंत अशीच होती. समुद्र शंभर किलोमीटर दूर आणि मध्यें सह्याद्रीची भिंत. तेव्हां वादळ आलेंच तर तें कोंकणांत येईल आणि तेथेंच संपेल, हा हिशेब वरवर पाहतां चुकीचा नव्हता. त्या दिवशीं दुपारनंतर मात्र मावळ, खेड आणि जुन्नर ह्या तालुक्यांत झाडें उन्मळून पडलीं, विजेचे खांब वांकले, फुलांच्या हरितगृहांचे कागद फाटून शेताबाहेर गेले आणि घरांवरचे पत्रे उडाले. हें वादळ चाकणच्या वाटेला कसें लागलें, हें समजावयाचें तर शोधाचा आरंभ चाकणपासून करून चालत नाहीं. तो करावा लागतो दक्षिणेस, भर समुद्रांत, जेथें लक्षद्वीपचीं चिमुकलीं बेटें पाण्याच्या पातळीहून जेमतेम वर डोकें काढून बसलीं आहेत तेथून.

प्रथम वादळ म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. समुद्राच्या पृष्ठभागाचें पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांहून अधिक तापलें, म्हणजे त्यावरील दमट हवा वर चढूं लागते. वर जातां जातां तिच्यांतील वाफेचे ढग बनतात आणि वाफेंत सांठलेली उष्णता मोकळी होते. ह्या उष्णतेनें हवा आणखी वेगानें वर चढते, खालीं हवेचा दाब उतरतो आणि चहूंकडची हवा त्या उणिवेकडे धांव घेते. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ही धांव सरळ राहत नाहीं. ती वळते, आणि उत्तर गोलार्धांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें एक प्रचंड भोंवरा तयार होतो. पुरेशा बळावलेल्या भोंवऱ्याच्या मध्यभागीं जवळजवळ शांत असा एक भाग असतो. त्यास वादळाचा डोळा म्हणतात. अशा वादळास सर्पाच्या वेटोळ्यावरून 'सायक्लोन' हें नांव देणारा हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्यास राहणारा होता आणि १८४८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें तें रूढ केलें. अटलांटिक महासागरांत ह्यालाच हरिकेन म्हणतात आणि चीन-जपानच्या बाजूस टायफून. नांवें निराळीं, जात एकच.

आतां अडचण अशी कीं, हा भोंवरा जन्मतो समुद्रावर आणि समुद्रावर वेधशाळा नसते. जहाजें असतात, परंतु हवा बिघडली कीं शहाणा कप्तान जहाज वादळापासून दूर नेतो, म्हणजे जेथली माहिती सर्वांत अधिक हवी तेथेंच माहिती देणारा कोणी उरत नाहीं. बेटाची गोष्ट वेगळी आहे. बेटाला पळतां येत नाहीं. त्यावर वायुभारमापक, वाऱ्याची दिशा दाखविणारा वातकुक्कुट आणि ठराविक वेळीं त्यांची नोंद करणारा एक माणूस असला, म्हणजे वादळ डोक्यावरून जात असतांनाहि नोंद चालूं राहते. लक्षद्वीपांत एकूण ३६ बेटें, सर्वांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. तरी अमिनी आणि मिनिकॉय येथल्या निरीक्षणांस हवामानशास्त्रज्ञ एवढें मोल देतात तें ह्यामुळेंच. शिवाय इतकें लहान बेट वादळाचें कांहींच बिघडवूं शकत नाहीं. मोठा भूप्रदेश लागला कीं वादळाचा समुद्रावरून होणारा वाफेचा पुरवठा तुटतो आणि तें ढासळूं लागतें; दोन-चार किलोमीटर लांबीचें बेट त्याच्या खालून जातें तेव्हां त्यास पत्ताहि लागत नाहीं. म्हणून बेटावर मोजलेलें वादळ हें समुद्रावरचेंच खरें वादळ असतें.

बेटावरचा एकटा निरीक्षक अदृश्य वादळाचें ठिकाण कसें ओळखतो? 'वारा पाहून पाठ फिरवावी' असें मराठींत व्यवहारी माणसाविषयीं म्हणतात. बाईज बॅलट नांवाच्या डच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं जवळजवळ हाच उपाय सांगितला. उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें; कमी दाबाचें केंद्र डाव्या हाताच्या बाजूस, किंचित् पुढें असतें. दोन बेटांवरच्या दोन निरीक्षकांनीं एकाच वेळीं असा डावा हात दाखविला, तर नकाशावर त्या दोन रेषा जेथें एकमेकींस छेदतील तेथें वादळाचें केंद्र आहे. सहा तासांनीं पुन्हा तसेंच केलें, कीं केंद्र कोठून कोठें सरकलें तें कळतें. त्यावरून दिशा आणि वेग हीं दोन्ही निघतात.

एकाच बेटावरूनहि पुष्कळ सांगतां येतें. समजा, वादळ दक्षिणेकडून उत्तरेकडे चाललें आहे. तें बेटाच्या पश्चिमेकडून जाणार असेल, तर बेटावरील वारा आधीं आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटीं नैर्ऋत्येकडून येईल. म्हणजे घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरेल. तें पूर्वेकडून जाणार असेल, तर वारा ईशान्य, उत्तर, वायव्य असा उलट फिरेल. परंतु वाऱ्यानें दिशा मुळींच सोडली नाहीं, नुसता जोर वाढत गेला आणि पारा उतरतच राहिला, तर वादळ थेट बेटावर येत आहे असें समजावें. अशा वेळीं कांहीं तासांनीं वारा एकाएकीं पडतो, कधीं कधीं आकाशहि उघडतें, आणि भोळा माणूस संकट टळलें म्हणून घराबाहेर येतो. तो वादळाचा डोळा असतो. थोड्याच वेळांत वारा बरोबर उलट दिशेनें, पहिल्याच जोरानें तुटून पडतो.

ह्या विद्येची थोरवी बेटांवरील लोकांनींच प्रथम ओळखली, हें नवल नाहीं. क्यूबा बेटावरील हवाना शहरांत बेनितो विन्येस नांवाचे एक पाद्री होते. ढगांच्या लांबच लांब तंतूंवरून आणि वाऱ्याच्या फिरण्यावरून हरिकेनची दिशा ताडून त्यांनीं सप्टेंबर १८७५ मध्यें लोकांस आगाऊ सूचना प्रसिद्ध केली. त्याच १८७५ सालीं हिंदुस्थानांत सरकारी हवामानखातें स्थापन झालें. मुंबईची कुलाबा वेधशाळा तर त्याच्याहि आधींची, १८२६ सालची. आणि कुलाबा हें त्या काळीं एक लहानसें बेटच होतें, हें आज त्या रस्त्यानें जाणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत असतें.

परंतु नुसतें जाणणें पुरेसें नसतें. जाणलेलें पोंचावें लागतें. नोव्हेंबर १८८८ मध्यें कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही आगबोट, जिला विजेच्या दिव्यांमुळें लोक 'वीजळी' म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळांत सांपडली आणि सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. त्या काळीं बिनतारी संदेश नव्हता. बंदर सोडल्यावर जहाजाला कोणी हांक मारूं शकत नव्हतें.

आज ती उणीव राहिली नाहीं. 'इन्सॅट-३डी' आणि 'इन्सॅट-३डीआर' हे भारताचे उपग्रह विषुववृत्तावर एकाच जागीं टांगल्यासारखे राहून ढगांचीं छायाचित्रें पाठवीत आले. ढगांचें वेटोळें किती घट्ट, त्याच्या मध्यभागीं डोळा दिसतो कीं नाहीं, ढगांचे माथे किती थंड, ह्यांवरून वाऱ्याचा वेग अजमावण्याची रीत व्हर्नन ड्वोरॅक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत बसविली. किनाऱ्याजवळ आल्यावर मुंबई आणि गोवा येथील रडार यंत्रें पावसाच्या पट्ट्यांचा पाठलाग करतात. वादळाचें पुढलें पाऊल कोठें पडेल ह्याचें गणित संगणक करतात, आणि त्यांतला 'प्रत्यूष' हा महासंगणक २०१८ सालीं पुण्यास, पाषाण येथील उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत बसला. पुण्याचें आणि हवामानाचें नातें जुनेंच आहे. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरच्या त्या जागेस पुणेकर आजहि 'सिमला ऑफिस' म्हणतात. मात्र उपग्रह वादळास वरून पाहतो. खालीं पाण्यालगत पारा खरोखर किती उतरला हें त्यास सरळ मोजतां येत नाहीं. तें सांगतें बेट. आणि बेटावरच्या आंकड्याशीं जुळलें नाहीं तर वरचा अंदाज दुरुस्त करावा लागतो.

ह्या सर्व साधनांनीं २०२० सालच्या त्या वादळाचा माग काढला. ३१ मेच्या सुमारास लक्षद्वीप आणि त्याच्या भोंवतालच्या अरबी समुद्रावर हवेचा दाब उतरूं लागला. समुद्र तीस अंशांच्या आसपास तापलेला होता. १ जूनच्या पहांटे तेथें वादळाचें बीज धरलें, २ जूनच्या दुपारीं त्याचें चक्रीवादळ झालें आणि त्यास 'निसर्ग' हें नांव मिळालें. तेरा देशांनीं प्रत्येकीं तेरा, अशीं १६९ नांवांची जी नवी यादी त्या वर्षीं तयार झाली, तिच्यांतील हें पहिलें नांव. तें बांगला देशानें सुचविलेलें होतें. आरंभीं उत्तरेकडे चाललेलें हें वादळ मग ईशान्येकडे, म्हणजे महाराष्ट्राकडे वळलें. ३ जूनच्या पहांटे त्याचें तीव्र चक्रीवादळ झालें.

त्या दिवशीं रायगडच्या किनाऱ्यावरील बेटें त्याच्या वाटेंत होतीं. दक्षिणेकडून मोजूं गेल्यास मुरुडजवळचा जंजिरा, त्याच्या शेजारचा पद्मदुर्ग, अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला आणि पुढें उंदेरी-खांदेरी. खांदेरीवर १८६७ सालापासून दीपगृह आहे, आणि अलिबागेस १९०४ सालीं मुंबईहून हलविलेली चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हणून सूक्ष्म यंत्रें शांत जागीं नेलीं होतीं. त्याच शांत जागेच्या किंचित् दक्षिणेस ३ जूनच्या दुपारीं साडेबारा ते अडीच ह्या वेळांत वादळानें जमिनीवर पाय ठेवला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन आणि दिवेआगर येथील सुपारीचीं आणि नारळाचीं झाडें वाडीच्या वाडी आडवीं झालीं. सुपारीचें झाड लावल्यापासून फळ हातीं येईपर्यंत अनेक वर्षें जातात. म्हणून ज्या कुटुंबाची बाग त्या दोन तासांत गेली, त्याची पुढल्या कित्येक वर्षांची मिळकत गेली. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथें 'बसरा स्टार' नांवाचें जहाज भरकटून किनाऱ्यास लागलें.

मुंबई मात्र मोठ्या आघातांतून वांचली. ह्याचें कारण बेटावरील निरीक्षकाच्या कोष्टकांतच आहे. वादळ ज्या दिशेनें चालतें त्या दिशेकडे तोंड केलें असतां उजव्या बाजूस वाऱ्याचा वेग आणि वादळाच्या चालीचा वेग ह्यांची बेरीज होते. डाव्या बाजूस वजाबाकी होते. ईशान्येकडे चाललेल्या 'निसर्गा'च्या डावीकडे मुंबई होती आणि उजवीकडे श्रीवर्धन. आणि तीच रेषा घाटावर पुढें वाढविली तर तिच्या उजव्या हातास पुणें, पिंपरी-चिंचवड आणि चाकण येतात.

वादळाचें केंद्र पुणें शहराच्या पश्चिमेकडून वर सरकलें. समुद्र सुटल्यामुळें आणि घाटाच्या खडबडीत भूमीवर घासल्यामुळें तें उतरणीस लागलें होतें. संध्याकाळीं त्याचा दर्जा 'तीव्र चक्रीवादळा'वरून 'चक्रीवादळा'वर आला, मध्यरात्रीं तें आणखी क्षीण झालें. परंतु 'चक्रीवादळ' ह्या शब्दाच्या शास्त्रीय व्याख्येंत ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वारा बसतो, हें विसरून चालत नाहीं. पट्ट्यांतील कारखाने टाळेबंदीनंतर नुकते कोठें पुन्हा सुरू होत होते, आणि कामगारांच्या कित्येक वस्त्यांवर छप्पर म्हणजे लोखंडी पत्रा, त्यावर चार दगड, एवढेंच होतें.

येथें थोडें गणित केलें पाहिजे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो भरतो. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा सुमारे ६९ किलो. पत्र्यावरून वारा वेगानें गेला म्हणजे पत्रा खालीं दाबला जात नाहीं, वर ओढला जातो. आणि दारें-खिडक्यांतून आंत शिरलेला वारा त्यास खालून ढकलतो. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा एक पत्रा घेतला आणि वारा ताशी ८० किलोमीटर धरला, तर त्यावरील ओढ नव्वद किलोंच्या घरांत जाते. पत्रा हातानें धरून ठेवूं पाहणारा माणूस त्याच्याबरोबर उचलला जातो, तो ह्यामुळें. त्या दिवशीं पुणें जिल्ह्यांत दोन माणसें दगावलीं. खेड तालुक्यांत भिंत कोसळून एक वृद्ध स्त्री गेली. हवेली तालुक्यांत उडणारा पत्रा वांचवूं पाहणारा एक माणूस गेला. समुद्र ह्या दोघांच्याहि घरापासून घाटापलीकडे होता.

वादळाचा माग म्हणून नकाशावर जी रेषा काढतात, ती केंद्राची रेषा असते, वादळाची नव्हे. वादळ त्या रेषेच्या दोन्ही बाजूंस शेंकडों किलोमीटर पसरलेलें असतें. पुढल्याच वर्षीं ह्याचा दाखला मिळाला. १४ मे २०२१ रोजीं 'तौक्ते' हें वादळ लक्षद्वीपच्याच आसमंतांत, अमिनी बेटाजवळच्या समुद्रांत आकारास आलें आणि १७ मेच्या रात्रीं दीव बेटाजवळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलें. एका बेटापासून दुसऱ्या बेटापर्यंत हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास त्यानें केला, आणि त्यांत महाराष्ट्राच्या भूमीस त्याच्या केंद्रानें स्पर्शहि केला नाहीं. तें मुंबईपासून सुमारे दीडशें किलोमीटर दूर समुद्रांतून गेलें. तरीहि कुलाब्यास वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरांपलीकडे गेले, आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रांत 'पी-३०५' ही तराफानौका बुडाली. तिच्यावर २६१ माणसें होतीं. नौदलानें खवळलेल्या समुद्रांतून १८६ जणांस वर काढलें. बाकीच्यांपैकीं बहुतेक सर्व दगावलीं. 'वैतरणे'च्या वेळीं वादळाची बातमी देणारें कोणी नव्हतें. 'तौक्ते'ची बातमी चार दिवस आधींपासून घरोघर होती.

बंदरांवर वादळाच्या सूचनेसाठीं जे बावटे चढवितात, त्यांचे भारतांत अकरा क्रमांक आहेत. दिवसा डोलकाठीवर शंकु आणि नळकांडीं टांगतात, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे लावतात. पहिला क्रमांक दूरवर कोठें तरी हवा बिघडल्याचा. आठ, नऊ आणि दहा हे महासंकटाचे. अकराव्या क्रमांकाचा अर्थ निराळाच आहे. हवामानकेंद्राशीं संबंध तुटला असून, संकट येत आहे असें बंदरावरील अधिकाऱ्यास स्वतःच्या बुद्धीनें वाटतें, असा त्याचा अर्थ. ज्यांनीं हे क्रमांक ठरविले त्यांस मनुष्याच्या व्यवस्थेची पारख होती. ३ जून २०२० च्या दुपारनंतर रायगड जिल्ह्यांतील अनेक गांवांत वीज गेली, दूरध्वनीचे मनोरे मुके झाले आणि बाहेरच्या नातेवाइकांस घरच्यांची खुशाली कित्येक दिवस कळली नाहीं. त्या गांवांवर अकरावा बावटाच चढला होता, फक्त तो दिसत नव्हता.

अशा वेळीं बेटावरील निरीक्षकाची जुनी विद्या प्रत्येक घराच्या उपयोगी पडते. वाऱ्याकडे पाठ करून डावा हात पसरला कीं वादळ कोणत्या अंगास आहे तें कळतें. तासा-दोन तासांनीं पुन्हा पाहिलें कीं वारा कोणीकडे फिरतो आहे, तेंहि कळतें. वारा न फिरतां वाढत असेल तर पक्क्या भिंतींचा आसरा गांठावा. आणि तो एकाएकीं पडला तर बाहेर येण्याची घाई करूं नये. छपराचे पत्रे, हूक आणि वासे वैशाखांतच तपासावेत. वारा सुटल्यावर शिडी लावूं नये. उडालेला पत्रा पुन्हा विकत घेतां येतो.

लक्षद्वीपच्या बेटांवर आजहि नेमलेल्या वेळीं कोणी तरी वायुभारमापकाजवळ जातो, आंकडा वाचतो आणि पुढें कळवितो. बहुतेक दिवशीं तो आंकडा अगदीं साधा असतो. पारा उतरूं लागल्याचा आंकडा ज्या दिवशीं येईल, त्या दिवसापासून चाकणच्या माणसाच्या हातीं दोन-तीन दिवस असतात.